कातड्यासकट

कुंटारी मिशन
सोमवार, ५ नोव्हेंबर १९५६

दाजी,

दुपारी ट्रक निघायच्या आत हे पुरं करायचं आहे, म्हणून खुशाली आधी उरकतो. ताई बरी आहे. तुमचा खोकला उतरला का, थुंकीतून रक्त जायचं थांबलं का, हे चार वेळा विचारायला तिनं बजावलं आहे. मी एकदाच लिहितो.

आता तुमच्या रूबेनचं. दक्षिणेत त्या कातडीवाल्याच्या गाडीवर तीन वर्षं कांगारू मारून तो परत आला, हे मागच्या पत्रात कळवलंच होतं. मिंजारा म्हाताऱ्याची लोइस त्याला ठरलेली आहे. आता चोविसाचा झाला, सासऱ्याला मांस आणून घालायचं वय झालं, म्हणून आम्हीच त्याला बोलावून घेतलं होतं. परवा शनिवारी तो बंदूक घेऊन विहिरीच्या पलीकडे गेला आणि कांगारूचा एक मोठा नर मारून घेऊन आला. या कोरड्या वर्षात! दोन महिने आम्ही मिशनचं पीठ आणि चहा यांवरच आहोत. मालू आला म्हणताच सगळी वस्ती उठून उभी राहिली.

रूबेननं रीतीनं सगळं केलं. मिंजाराच्या आडोशापासून वीस पावलांवर पाला अंथरला, त्यावर जनावर ठेवलं आणि वर न बघता पाठ करून निघून आला. ठरलेला जावई सासऱ्याच्या तोंडासमोर थोडाच थांबतो? पण दाजी, जनावर सोललेलं होतं. नागडं, लालपांढरं. कातडं याच्या शेडमागे मीठ लावून, खुंट्या मारून ताणून ठेवलेलं.

मिंजारा काठी टेकत गेला. बराच वेळ बघत उभा राहिला.

"हे काय आहे गं?" त्यानं बायकोला विचारलं.

"मालू दिसतोय."

"मालूला लव असते. लव जाळायची, मग खड्ड्यात घालायचा. हे मी कसं भाजू? उचला. माझ्या विस्तवापाशी नको."

कुणी उचललं नाही. शेवटी कुत्र्यांनी खाल्लं. सत्तर माणसं उपाशी पोटी कुत्र्यांचं जेवण बघत बसली होती. ताई मात्र आत जाऊन बसली.

संध्याकाळी मी रूबेनला झापलं. तो म्हणतो, "मामा, मांस तेच ना? तिकडं सगळे असंच खातात."

मी म्हटलं, "तिकडं तुझा सासरा होता का?"

पण गोष्ट तिथं थांबलेली नाही. कालपासून विहिरीपाशी एकाही मालूचा माग दिसत नाही. लोक तेही याच्याच माथी मारत आहेत. आणि मिंजारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ज्याला जनावराची अब्रू राखता येत नाही, त्याच्या हाती पोर कशी देऊ?" लोइस दिवसभर दिसली नाही.

तुम्ही बाप आहात. काय करायचं ते लिहा. पाद्रीसाहेबांचा रेडिओ पंधरा दिवस मुका आहे, तेव्हा पत्रानंच.

सायलस

---

दवाखाना, मागचा व्हरांडा
बुधवार, ७ नोव्हेंबर

प्रिय सायलस,

तुझं पत्र वाचून हसू आलं, त्याचा खोकला झाला, आणि सिस्टर ओरडली. शेजारच्या खाटेवरचा ईनॉक विचारतो, "घरून काय आलं, औषध की विष?" मी म्हटलं, "व्याही."

मिंजाराचा राग मला तीस वर्षांचा ओळखीचा आहे. तो आधी गडगडतो, मग गप्प होतो, मग खातो. मी इथं पडल्या पडल्या पुष्कळ विचार करतो. देवानं माणूस मापायचा तर तो आतून मापेल, जनावराच्या लवेवरून नाही, असं मला वाटतं. तरी म्हाताऱ्यांचा मान राखायला काही जात नाही. रूबेन तिकडं परक्यांत राहिला, तिथंच त्याला ती खोड लागली असणार. तू त्याला फार टाकून बोलू नकोस.

उपाय सोपा आहे. त्याला पश्चिमेला वारुपाला पाठव. दोन दिवसांची चाल. वारुपाच्या खडकातलं पाणी मी कधी आटलेलं पाहिलं नाही. माझे वडील तिथं गुडघे टेकून प्यायचे, मीही प्यालो आहे. सगळा मुलूख कोरडा पडला की मालू तिथंच येतात. चार गोळ्या आणि पाण्याचा एक डबा पुरे, जास्त ओझं कशाला? एक चांगला नर कातड्यासकट आणून मिंजारापुढे ठेवला की झालं.

तुझ्या ताईला, डॉर्कसला सांग, रक्त थांबलं आहे. (थांबलं नाही. पण कमी आहे.)

ओबेद

---

कुंटारी
सोमवार, १२ नोव्हेंबर

दाजी,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. मी रूबेनला वाचून दाखवलं, तुम्ही बरे आहात ते ताईला सांगितलं, आणि शनिवारी उजाडताच पोरगा निघाला. बंदूक, चार गोळ्या, एक डबा पाणी. ताईनं राखेत भाजलेली भाकर बांधून दिली. जाताना हसत होता. "मामा, आता लवेसकट आणतो. शेपटीला फीतसुद्धा बांधतो, म्हण म्हाताऱ्याला." मीही हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

काल रविवारी मी घंटा वाजवायला चाललो होतो. मिंजारा वाटेत बसलेला. त्यानं विचारलं, "पोरगा कुठल्या पाण्यावर गेलाय?"

मी म्हटलं, "वारुपाला, काका. ओबेददाजींनी सांगितलं."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी थांबलो. उठला, आडोशाकडे गेला, तीन भाले घेतले, पाण्याचे दोन डबे घेतले, आणि रूबेनच्या मागावर चालू लागला. त्या वयात, त्या उन्हात. मी मागं धावलो, "काका, प्रार्थनेची वेळ झाली," असं काहीतरी वेड्यासारखं बोललो. त्यानं वळून पाहिलं नाही. दोन डबे, म्हणजे लांबवर जायची तयारी आहे.

दाजी, मी भित्रा माणूस आहे, तुम्हाला ठाऊक आहे. पण वस्तीत सगळे हेच बोलत आहेत. जुन्या काळी असल्या गुन्ह्याला मांडीत भाला घालायचे. चारचौघांत घातला तर पाहणारे असतात, नेम सांभाळला जातो. तिकडे वाळूत पाहणारं कोण आहे? आणि तो म्हातारा अजून चुकत नाही.

ताईला मी भाल्यांचं सांगितलं नव्हतं. तिला माझ्या आधी कळलं होतं. ती आडोशाच्या पश्चिमेच्या अंगाला बसते, आणि तिथून हलत नाही.

सायलस

---

दवाखाना
बुधवार, १४ नोव्हेंबर

सायलस,

हे पत्र मिंजाराच्या बायकोला वाचून दाखव. मोठ्यानं. डॉर्कसलाही ऐकू दे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की रूबेनला परक्यांत ती खोड लागली. ते खोटं आहे. सोलायला मीच शिकवलं. मालकाच्या कुरणावर गुरं राखत होतो तेव्हा त्याला कातडी हवी असत. रूबेन तेव्हा सोळाचा. मी डावखुरा, म्हणून मागच्या डाव्या पायाच्या आतून पहिली चीर देतो; त्यालाही तीच चीर शिकवली. इतकं झालं असतं तरी एक वेळ चाललं असतं, मालकाचं काम ते मालकाचं. पण त्यानं मला विचारलं, "बा, मिंजारा रागावेल ना?" तेव्हा मी हसून म्हणालो, "कातडं काढलं म्हणून देव रागावत नाही, फक्त म्हातारे रागावतात." मला वाटलं, मी शहाणपणाचं काही बोललो. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा माणूस मी. पोरानं ते वाक्य आठ वर्षं जपून ठेवलं आणि सासऱ्याच्या विस्तवापाशी नेऊन ठेवलं.

सगळं ठाऊक असून मागच्या वेळी मी ते लपवलं. का, ते मला नीट सांगता येत नाही. तुझ्या नजरेत उतरायचं नव्हतं, एवढं खरं.

तेव्हा भाला घालायचाच असेल तर मांडी माझी आहे. मी उद्याच्या ट्रकनं येतो. डॉक्टर नाही म्हणतात. ईनॉकनं माझे बूट खाटेखाली लपवून ठेवलेत, कारण सिस्टर घेऊन जाते. ड्रायव्हरला सांगून ठेवलं आहे.

मिंजारा आधी परत आला तर त्याला म्हणावं, थांब. मी येतो आहे.

ओबेद

---

कुंटारी
शुक्रवार, १६ नोव्हेंबर

दाजी,

ट्रक आला. तुम्ही त्यात नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, चाकापाशी येऊन तुम्ही खाली पडलात, तोंडातून रक्त आलं, आणि दोघांनी उचलून परत आत नेलं. हे वाचत आहात म्हणजे जिवंत आहात, असं धरून लिहितो. मोजणीवाल्यांची गाडी आत्ता शहराकडे निघाली आहे, तिच्याबरोबर हे देतो.

रूबेन आलेला नाही. सातवा दिवस. म्हाताराही नाही.

तुम्ही सांगितलंत तसं पत्र मिंजाराच्या बायकोला वाचून दाखवलं. ती राख चाळत बसली होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. डाव्या हाताची चीर कुणाची ते मागावरून माणूस ओळखणाऱ्याला वेगळं सांगावं लागतं का? म्हाताऱ्याला सोलणाऱ्याचा राग नव्हता. शिकवणारा कधी तोंड उघडतो, याची वाट बघत होता."

मी विचारलं, "मग भाले कशाला नेले?"

"मग काय हात हलवत जाईल? तू शाळेत जाताना खडू नेतोस ना?"

"आणि डबे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, जसं मी वर्गातल्या ढ पोराकडे पाहतो तसं. "वारुपाचं पाणी दोन हिवाळ्यांपूर्वी आटलं, सायलस. तळाशी मेलेली जनावरं आहेत. तुमच्यापैकी कुणी विचारलं का आम्हाला?"

दाजी, रूबेनला ते आधीचं पत्र मी वाचून दाखवलं होतं. एक डबा पुरे, हे मीच मोठ्यानं वाचलं होतं, आणि ताईनं मान डोलावली होती.

म्हातारा त्याला मारायला नाही, पाणी पाजायला गेला आहे. पण त्याला पोरगा सापडला का, ते कोण सांगणार? तीही हेच म्हणते. "त्याचे गुडघे आता पूर्वीचे नाहीत," एवढं म्हणाली आणि पुन्हा राख चाळायला लागली. आम्ही तिघं घोडी घेऊन मंगळवारी गेलो होतो. वाळूच्या टेकड्यांपर्यंत दोघांचे माग होते, पुढे वाऱ्यानं सगळं पुसलेलं. घोडी तहानेनं मान टाकायला लागली तेव्हा परतलो. एका जागी रूबेनचा माग वळून वळून पुन्हा स्वतःवरच आलेला होता. हे मी ताईला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण आता एकमेकांपासून लपवून कुणाचं भलं होत नाही.

सायलस

---

दवाखाना
रविवार, १८ नोव्हेंबर

सायलस,

हे ईनॉक लिहितो आहे, मी सांगतो आहे. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, असं त्यानं आत्ताच मधे घालायला लावलं.

तुझं पत्र काल मिळालं. बुधवारपासून मी देवाला विनवत होतो, म्हाताऱ्याला वाटेत अडव, त्याच्या पायात काटा घाल. कालपासून विनवतो आहे, त्याला पोचव, त्याचे गुडघे सांभाळ. त्याच देवाकडे, त्याच माणसासाठी, दोन उलट्या मागण्या. मला सगळं कळतं असं समजून मागत होतो. आज सकाळी इथल्या प्रार्थनेला काही मागितलंच नाही. नुसता बसलो.

वीस वर्षांपूर्वी पाहिलेलं पाणी मी पोराला पत्रातून पाजलं. जो दर हिवाळ्यात तिथं जातो, त्याला विचारा, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर! शाई होती, कागद होता.

काय असेल ते कळव. वाईट असेल तरी तसंच लिही. मऊ करून लिहू नकोस.

ओबेद

---

कुंटारी
सोमवार, १९ नोव्हेंबर

बा,

मी रूबेन. मामा लिहिणार होता, पण मी म्हटलं मीच लिहितो. मी जिवंत आहे. मिंजाराही. परवा दुपारी आलो.

वारुपाला मी रविवारी पोचलो तेव्हा डबा संपला होता. खडकात उतरलो. तळाला मालूची दोन मढी आणि वाळलेला चिखल. चिखल चावून पाहिला. सोमवारी परत फिरलो, पण सरळ चालता येईना. मुल्गाच्या झाडाखाली पडलो. तुझा राग आला होता, खरं सांगतो. मग रागही येईना.

दुपारी उत्तरेला धूर दिसला. रांगत उठलो. धुरापाशी कुणी नव्हतं. सावलीत पाण्याचा डबा, वर पाला टाकलेला, पाणी सांडू नये म्हणून. आणि भोवती त्याची पावलं. मी हाक मारली. तो दोनशे पावलांवर माझ्याकडे पाठ करून बसला होता. मी दोन पावलं त्याच्याकडे टाकली तर त्यानं काठी उचलली. मी थांबलो.

मग असंच. तो पुढे, मी मागे. मी बसलो की तो बसतो. उठलो की उठतो. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि माझं एक पाऊल चुकलं की त्याला कळायचं. मंगळवारी त्यानं एका कोरड्या ओढ्याच्या वळणावर वाळू खणली, स्वतः प्याला, आणि लांब जाऊन बसला. मी गेलो तेव्हा खड्ड्यात गार पाणी साठत होतं. असली जागा, की मी दहा वेळा तिच्यावरून चालत गेलो असतो.

दोन दिवस तिथंच पडून होतो. गुरुवारी पहाटे त्या पाण्याच्या वासावर मालू आले. चार. मी वाऱ्याच्या खालच्या अंगाला पोटावर पडून होतो. मोठा नर उभा राहिला, कान फिरवले, थेट माझ्याकडे बघत राहिला. गाडीच्या दिव्यात मी शेकडो मारले बा, पण ते आंधळे होऊन उभे असतात. असं माझ्याकडे बघणारं जनावर मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. मग मारलं.

आणि काय करावं? सवयीनं सुरी काढली, डावा पाय धरला. माझ्या कानाजवळून दगड गेला. वळून पाहिलं तर म्हातारा पाठ करूनच बसलेला! मी सुरी खाली ठेवली. मग लहानपणी पाहिलेलं आठवत आठवत केलं. पोटाला लहान चीर दिली, आतडी काढली, काडीनं टाचलं. जाळावर टाकून लव जाळली, खरवडली. पाय आणि शेपूट वेगळी केली. खड्डा खणला तो लहान झाला, दगड आला. निखारे कमी पडले, दगड आला. एकूण पाच. एक पाठीत बसला, तो अजून दुखतो.

भाजून झाल्यावर त्याचा वाटा पाल्यावर ठेवून मी लांब गेलो. तो आला, वास घेतला, शेपटीतली तात ओढून काढली आणि तुटायला आलेल्या भाल्याच्या टोकाला दातांनी गुंडाळली. मग खाल्लं. मी हे सगळं चोरून पाहिलं. पाहायचं नव्हतं, ठाऊक आहे.

बाकीचं मी खांद्यावर आणलं. वस्तीत पाचच घरांना पुरलं, पण ज्याचा जो भाग त्यालाच गेला. आईला आला. मारणाऱ्याला येतं तेवढं मला आलं, म्हणजे थोडंच. शेडमागचं ते ताणलेलं कातडं मी काढून आणलं, तर लोइसची आई म्हणाली, "आता टाकू नकोस, पडवीत अंथर, तुझी आई आठ दिवस दगडावर बसून होती." आईनं अंथरलं, पण त्यावर अजून बसली नाही. लोइस काल चर्चमध्ये बायकांच्या बाजूला होती. मी पाहिलं नाही. मामा म्हणतो, तिनं पाहिलं.

तुझं कबुलीचं पत्र मामानं मिंजाराला पुन्हा वाचून दाखवलं. मी आडोशाच्या पलीकडे, ऐकू येईल इतका लांब बसलो होतो. म्हातारा ऐकून घेत होता. मधेच म्हणाला, "मांडी देतो म्हणे. त्या खोकणाऱ्याच्या मांडीत आहे काय?" सगळे हसले. आईसुद्धा. मग तो मामाशी बोलायला लागला, पण आवाज माझ्याकडे होता.

"त्या दवाखान्यातल्याला लिही. बरं व्हायचं आणि यायचं. जे पाणी दोन हिवाळे पाहिलं नाही, त्याच्याबद्दल तोंड उघडायचं नाही."

मामानं लिहून घेतलं.

"आणि या दुसऱ्याला सांग. वारुपाच्या वाटेवर अजून चार पाणवठे आहेत. उत्तरेला सहा. माझ्यामागं ते कुणालाच ठाऊक नसतील. थंडी पडली की निघायचं. मी पुढे चालणार, त्यानं मागं यायचं."

"किती दिवस लागतील, काका?" मामानं विचारलं.

"तो किती मठ्ठ आहे त्यावर," म्हातारा म्हणाला. "आणि सांग, दगड मी बरोबर घेईन."

रूबेन